सुरावट कुणाची, वही कुणाची?

सोळाव्या शतकात पुंडरीक विठ्ठल नावाचा संगीतपंडित कर्नाटकातून उत्तरेकडे आला आणि खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या बुऱ्हाणखानाच्या आश्रयाला राहिला. या घराण्याची राजधानी बुऱ्हाणपूर. त्या आश्रयात त्याने 'सद्रागचंद्रोदय' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. रागांची मेळांत मांडणी केली आणि वीणेच्या कोणत्या पडद्यावर कोणता स्वर येतो, तेही लिहून ठेवलं. आज तापीकाठच्या याच गावात गिटार शिकणारी मुलं मोबाइलवर टॅब उघडून तेच शोधत असतात: कोणती तार, कोणता पडदा, कोणतं बोट.

फरक एवढाच, की राग कुणा एकाचा नसतो, गाणं मात्र कुणाचं तरी असतं. मग दुसऱ्याच्या गाण्याचं नोटेशन किंवा टॅब उतरवून इंटरनेटवर सगळ्यांना फुकट देणं ही विद्या वाटणं झालं, की परक्याच्या मालाला हात लावणं? या प्रश्नावर बुऱ्हाणपूरच्या एका मराठी घरात दोन टोकं आहेत. आत्यांनी आयुष्यभर पेटी आणि गाणं शिकवलं. त्यांच्या वह्यांची पानं विद्यार्थी आता फोटो काढून, टॅब करून इंटरनेटवर टाकतात. भाचा गिटार वाजवतो आणि इंदूरमध्ये छोट्या फिल्म्स व अल्बमना चाली देतो. दोघांची नावं इथे नकोत, कारण मुद्दा त्यांच्यापुरता नाही.

भाचा: आत्या, तुझ्या विद्यार्थिनीने एक अख्खं भावगीत टाकलंय. शब्द, कॉर्ड्स, टॅब, सगळं. गीत गदिमांचं, चाल बाबूजींची, आणि वर नाव फक्त तिचं! तिला सांग ना, हे बंद कर म्हणून.

आत्या: नाव घालायला सांगते, ते चुकलंच तिचं. पण बंद का करायचं? पोरीने आठवडाभर कान लावून उतरवलंय ते. कुणाच्या पुस्तकाची झेरॉक्स नाही मारलेली.

भाचा: कान तिचा, मेहनत तिची, कबूल. पण चाल तिची नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क चालतो. गदिमा, म्हणजे माडगूळकर, १९७७ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, २००२ साली गेले, म्हणजे चाली २०६२ संपेपर्यंत. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा. आणि 'मी स्वतः ऐकून उतरवलं' ही सबब चालत नाही. कायद्यात संगीताच्या रूपांतराची व्याख्या आहे, त्यात अरेंजमेंट आणि ट्रान्सक्रिप्शन दोन्ही स्पष्ट लिहिलेत. टॅब म्हणजे ट्रान्सक्रिप्शनच की.

आत्या: मग मी जन्मभर काय केलं? रेडिओला कान लावून वहीत उतरवून घेतलं, तीस-चाळीस मुलींना दिलं. तेव्हा कुणी आलं नाही विचारायला.

भाचा: तुझी वही आणि इंटरनेट यांत फरक आहे. कलम ५२ मध्ये खाजगी वापराला मुभा आहे. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात नक्कल केली तर तीही चालते. तुझी वही त्यात आरामात बसते. पण जगातल्या कुणालाही उघडता येईल अशा जागी पान टाकलं की ते 'शिकवणं' राहतं का?

आत्या: का नाही राहत? दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सवाल्याची केस आठव. मोठमोठे प्रकाशक कोर्टात गेले होते. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने काय सांगितलं? शिकवण्याचा ओघ म्हणजे फक्त वर्गातला तास नव्हे. शिकवण्यासाठी जेवढं लागतं तेवढं घेता येतं. माझी विद्यार्थिनी रावेरची असो, खंडव्याची असो की अमेरिकेतल्या मराठी घरातली, ती शिकतेच आहे ना?

भाचा: त्या निकालात विद्यापीठ होतं, अभ्यासक्रम होता, ठरलेले विद्यार्थी होते. खुल्या पानावर विद्यार्थी कोण आणि गिऱ्हाईक कोण, हे कसं ओळखणार? माझंच सांगतो. माझ्या एका गाण्याची टॅब कुणीतरी टाकली. वरती गायकाचं नाव, माझं नाही. चारही बाजूंनी जाहिराती. दुसऱ्या ओळीत कोमल निषाद आहे, तो शुद्ध करून ठेवलाय. आता मुलं तसंच वाजवतात आणि मलाच सांगतात, दादा तुमचं चुकतंय. पैसे त्या पानाला, चूक माझ्या नावावर.

आत्या: हे वाईट आहे. पण यातली कोणती गोष्ट तुला खरी लागली, ते आधी नीट सांग. टॅब केली ती, नाव गाळलं ते, चूक केली ती, की पैसे खाल्ले ते?

भाचा: सगळंच.

आत्या: सगळं एका गाठोड्यात बांधलंस म्हणून तुला शिकणारी पोरगी आणि जाहिरातवाला एकसारखे दिसतात. गाठोडं सोड. नाव गाळणं आणि रचना बिघडवणं यासाठी तुझ्या कायद्यात वेगळं कलम आहे ना?

भाचा: कलम ५७. हक्क विकून टाकला तरी रचना आपली आहे हे सांगण्याचा अधिकार राहतो. प्रतिष्ठेला धक्का बसेल अशी मोडतोड कुणी केली तर दादही मागता येते.

आत्या: मग ते वापर. आमच्या परंपरेत तर नाव रचनेतच विणलेलं असायचं. सदारंगाची बंदिश गाताना सदारंगाचं नाव तोंडात येतंच. भातखंड्यांनी लक्षणगीतं केली, त्यांत 'चतुर' ही मुद्रा घातली. नाव न घेता चीज सांगणं हे आमच्याकडे कधीच सभ्यपणाचं नव्हतं. पण चीज सांगायचीच नाही, हे भातखंड्यांना मान्य नव्हतं. मी त्यांच्या 'क्रमिक पुस्तकमालिके'वर वाढले. सहा भाग, शेकडो बंदिशी. ते मुळात वकील होते हे विसरू नकोस. हक्क, करार, पुरावा यांतलं त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी गावोगाव फिरले, घराण्यांत अडकलेल्या चिजा मिळवल्या आणि छापून टाकल्या. जयपूरचे महंमद अली खाँ, ग्वाल्हेरचे एकनाथ पंडित, अशा लोकांनी त्यांना चिजा दिल्या. ज्या पुंडरीकाने बुऱ्हाणखानाच्या आश्रयात ग्रंथ लिहिला, त्याची हस्तलिखितंही त्यांनीच प्रकाशात आणली. ते झालं नसतं तर बुऱ्हाणपुरातल्या साध्या घरातल्या मुलीला यमनातली बंदिश कुणी दिली असती?

भाचा: भातखंड्यांबद्दल मला आदर आहे. पण दोन गोष्टी सांगू? एक, त्यांनी छापलेल्या बहुतेक बंदिशींचे कर्ते शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच गेलेले होते. जिवंत माणसाच्या ताटातलं त्यांनी काढलं नाही. दोन, काही गवयांनी चिजा द्यायला साफ नकार दिला, तो निव्वळ कोतेपणा नव्हता. खानदानी चीज हीच त्यांची इस्टेट होती. राजाश्रय आटत चालला होता, मुलांना द्यायला तेवढंच होतं. ती छापली गेल्यावर त्यांच्या घरात काय पोचलं? ज्ञान सगळ्यांचं झालं हे चांगलंच. पण त्याची किंमत एकाच बाजूने मोजली.

आत्या: हे तुझं मान्य. गवयाची पोटाची काळजी मी खोटी म्हणणार नाही. पण झाकून ठेवून किती चिजा मेल्या, तेही सांग. गाणारा गेला की चीज गेली. लिहून ठेवणं म्हणजे काही लुटणं नव्हे.

भाचा: लिहिणं आणि मक्ता हे जुने सोबती आहेत, आत्या. व्हेनिसमध्ये पेत्रुची नावाच्या छापखानेवाल्याने १४९८ साली संगीत छापण्याचा मक्ता मागून घेतला, त्यात ल्यूट या तंतुवाद्याची टॅब्लेचर, म्हणजे टॅबही होती. १५०७ साली त्याने ल्यूटच्या टॅबचं पुस्तक छापलं. म्हणजे टॅब छापायला लागले त्याच काळात ती कुणी छापायची याचा हक्कही आला. गिटारवाल्यांनी काल काढलेलं भांडण नाही हे.

आत्या: मक्ता छापणाऱ्याचा होता ना? वाजवणाऱ्याचा नाही, चाल करणाऱ्याचाही नाही. तेच तर मी म्हणते. हक्काच्या नावाने भांडतो कोण, आणि पैसे जातात कुणाकडे?

भाचा: आपल्याकडेही तेच झालं, खरं आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, चित्रपटासाठी पैसे घेऊन केलेल्या गाण्याचा हक्क निर्मात्याचा. तेव्हापासून २०१२ची दुरुस्ती येईपर्यंत कितीतरी संगीतकार आणि गीतकार एकरकमी पैसे घेऊन मोकळे झाले. जावेद अख्तरांनी राज्यसभेत तो विषय लावून धरला. आता चित्रपटगृहाबाहेर गाणं वापरलं गेलं की गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा लिहून घेऊनही काढता येत नाही. वारसांना किंवा आयपीआरएससारख्या हक्क सांभाळणाऱ्या संस्थेलाच तो देता येतो. इतक्या वर्षांनी चार पैसे सुरळीत येण्याची वाट झालीय, म्हणून मला ती मोडायला नको आहे.

आत्या: ती वाट मीही मोडत नाहीये. रेडिओने द्यावेत, हॉटेलने द्यावेत, मोठ्या कंपन्यांनी द्यावेत. पण बघ, वरातीत वाजवणाऱ्या बँडला कायद्यानेच सोडलंय. लग्नाच्या वरातीत गाणं वाजवलं तर हक्कभंग नाही, असं आहे ना?

भाचा: आहे. लग्नाशी निगडित समारंभांनाही तीच सूट आहे.

आत्या: म्हणजे आपल्या गावातल्या शनवाऱ्यातून वरात निघाली, बँडवाल्याने पैसे घेऊन तुझं गाणं वाजवलं, तरी चालतं. आणि माझी विद्यार्थिनी एक पैसा न घेता ते कसं वाजवायचं हे दुसऱ्या मुलीला सांगते, ते चालत नाही. कुठला न्याय हा?

भाचा: वरात संपली की संपली. पान कायम राहतं, त्याच्या हजार नकला होतात.

आत्या: मग पानात असतं काय, तेच बघू. दाखव मला तुझी टॅब.

भाचा: हे बघ. सहा रेघा म्हणजे सहा तारा. सगळ्यात खालची रेघ जाडी तार. रेघेवरचा आकडा म्हणजे पडदा, शून्य म्हणजे मोकळी तार. समजा भूप वाजवायचाय. पाचव्या तारेवर ३, तो आपला सा. चौथी तार मोकळी, रे. चौथ्या तारेवर २, ग. तिसरी मोकळी, प. तिसरीवर २, ध. दुसरीवर १, वरचा सा.

आत्या: यात लय कुठे आहे?

भाचा: साध्या टॅबमध्ये नसते. गाणं ऐकलेलं असावं लागतं.

आत्या: आमच्या भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. एका मात्रेत दोन-चार स्वर आले की खाली अर्धचंद्र. तरीही ते गाणं नसतं. मींड किती ओढायची, स्वर कुठे सोडायचा, हे कागदावर येत नाही. ज्याने गाणं ऐकलंच नाही त्याला या पानाचा उपयोग नाही. ज्याने ऐकलंय तोच ते शोधतो, शिकतो, आणि मग मूळ गाणं शंभरदा लावतो. तुझं गिऱ्हाईक कमी होतं, की वाढतं?

भाचा: ते गिऱ्हाईक गाणं किती वेळा लागलं याचे आकडे मोजणाऱ्याचं, माझं नाही. पण एक गंमत आहे, ती तुझ्या बाजूने जाते, तरी सांगतो. १९७३ सालच्या 'चुरा लिया है'ची सुरुवातीची गिटार प्रत्येक शिकाऊ पोरगा वाजवतो. वाजवली भूपिंदर सिंग यांनी. चाल आर. डी. बर्मन यांची. टॅब जे पकडते ते वादकाच्या बोटातलं असतं, पण कायद्यात संगीतकार वेगळा आणि वादक वेगळा.

आत्या: मग ज्या वादकाचं नाव कॅसेटवर कधी नीट छापलं नाही, त्याचं नाव या पोराटोरांच्या टॅबवर येतं. 'गिटार: भूपिंदर सिंग' असं एका मुलाने वर लिहिलेलं मी पाहिलंय. हे काम कुठल्या कंपनीने केलं होतं?

भाचा: हे खरं आहे. पण चांगली मुलं नाव लिहितात म्हणून सगळ्यांना मोकळं सोडता येत नाही. परदेशात काय झालं बघ. १९९२ साली अमेरिकेत ऑनलाइन गिटार अर्काइव्ह सुरू झालं, लोकांनी स्वतः उतरवलेल्या टॅबचा मोठा साठा. १९९६ साली ईएमआयची नोटीस, १९९८ साली हॅरी फॉक्स एजन्सीची, २००६ साली संगीत प्रकाशकांच्या संघटनांची. शेवटी बंद पडलं. पण वाट निघाली. २०१० साली अल्टिमेट गिटार या टॅबच्या संकेतस्थळाने त्याच हॅरी फॉक्सशी करार केला. मुलांना टॅब मिळते, हक्कदाराला वाटा मिळतो. मला तसं हवंय.

आत्या: निघाली, पण कुणासाठी? ज्यांच्या गाण्यांना इंग्रजी प्रकाशक आहेत त्यांच्यासाठी. बुऱ्हाणपूरच्या मुलीला एखादं मराठी भावगीत गिटारवर शिकायचंय. अधिकृत, संगीतकाराच्या घरून आलेली टॅब कुठे विकत मिळते? हार्मोनियमच्या नोटेशनच्या पुस्तिका असतात, त्यांत तिला हवं ते क्वचित सापडतं. दुकानात माल ठेवायचा नाही आणि घरी बनवणाऱ्याला चोर म्हणायचं?

भाचा: माल नाही, हा दोष आमचा. संगीतकारांचाच. आम्ही लिहीत नाही.

आत्या: आणि लिहीत नाही म्हणून अडकताही. तूच सांगितलं होतंस, पूर्वी कायद्याला फक्त लिहिलेलं संगीत दिसायचं.

भाचा: हो. १९५७च्या कायद्यात संगीतकृती म्हणजे छापलेली, लिहिलेली, आकृतीत उतरवलेली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७च्या त्याच निकालात खंत व्यक्त केली होती, की आपलं संगीत गळ्यात असतं आणि ही व्याख्या आपल्या मातीतली नाही. १९९४ साली ती बदलली. आता चाल लिहिली नसली तरी ती करणारा संगीतकारच.

आत्या: कायदा बदलला, पण पुराव्याचं काय? ध्रुपद गाणाऱ्या डागरांच्या 'शिवस्तुती' या रचनेचा वाद बघ. ए. आर. रहमान यांच्या गाण्याविरुद्ध एप्रिल २०२५ मध्ये एका न्यायमूर्तींनी डागर घराण्याच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला. रचना गायले म्हणून ते तिचे कर्ते ठरत नाहीत, असं खंडपीठाचं म्हणणं. रचना झाली तेव्हाच नाव-तारखेसह नोटेशन उघड्यावर असतं, तर कर्ता कोण एवढा तरी वाद राहिला असता का? लपवलेल्या चालीपेक्षा वाटलेली चाल सुरक्षित असते, हे मी तुला सांगते.

भाचा: हे मला पटतं. माझ्या गाण्यांच्या टॅब मी स्वतः टाकीन. बरोबर, नावासकट, कोमल निषादासकट. पण आत्या, मी टाकणं आणि मला न विचारता कुणी टाकणं यांतला फरक मला सोडता येणार नाही. किशोरकुमार खंडव्याचा, आपल्या शेजारचा. 'दूर गगन की छाँव में' या १९६४च्या चित्रपटाचं संगीत त्याचंच. तो १९८७ साली गेला, म्हणजे त्या चालींवरचा हक्क २०४७ संपेपर्यंत. तो नाही म्हणून त्याच्या घरच्यांना विचारायचंच नाही का?

आत्या: धंदा करणाऱ्याने विचारावं, वाटा द्यावा. शिकणाऱ्याने नाव घ्यावं, नीट उतरवावं, आणि शिकावं. आणि हक्क संपलेलं तरी मोकळेपणाने वाटू द्या. गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले, 'मानापमान'च्या त्यांच्या चाली २०१६पासून सगळ्यांच्या झाल्या. भास्करबुवा बखल्यांच्या 'स्वयंवर'मधल्या तर केव्हाच्या. भातखंड्यांची पुस्तकंही मोकळी आहेत. गिटारवर नाट्यसंगीत कुणी उतरवतं का? तिथे तर कुणाची परवानगी लागत नाही.

भाचा: ते मात्र आपण दोघं मिळून करू शकतो. तू पेटीवर सांग, मी टॅब करतो.

दोघांचं इथपर्यंत जुळलं, पुढे नाही. भाच्याला परवानगी आधी हवी आहे, आत्यांना शिकण्याचा हक्क आधी हवा आहे. मला स्वतःला या वादात आत्यांची बाजू जास्त वजनाची वाटते, पण भाच्याने घातलेल्या अटींसकट.

टॅब किंवा नोटेशन हे गाण्याचं पर्यायी उत्पादन नाही, गाण्यापर्यंत जाण्याची पायरी आहे. संगीतकाराचं खरं नुकसान शिकाऊ मुलीच्या पानामुळे होत नाही. नाव गाळल्यामुळे, सूर बिघडवल्यामुळे आणि दुसऱ्याने त्यावर जाहिराती लावून पैसे मिळवल्यामुळे ते होतं. या तिन्हींवर बोट ठेवायला आजच्या कायद्यातही जागा आहे. म्हणून पान टाकणाऱ्याने गीतकार, संगीतकार आणि माहीत असल्यास वादकाचं नाव वर लिहावं. गीताचे सगळे शब्द उतरवू नयेत, कारण शिकायला सुरावट पुरते आणि शब्द हा कवीचा स्वतंत्र हक्क आहे. जाहिरात लावू नये, आणि रचनाकाराने हरकत घेतली तर पान काढावं. ज्या कंपन्या अशा पानांवर कमावतात त्यांच्याकडून आयपीआरएससारख्या संस्थांनी ठणकावून वाटा वसूल करावा, आणि मराठी गाण्यांसाठीही तसे परवाने सहज मिळावेत. शिक्षकाला दिलेली मुभा वर्गाच्या चार भिंतींपुरती नाही, हे संगीताच्या बाबतीत कायद्याने एकदा स्पष्ट लिहावं.

आणि संगीतकारांनी स्वतः लिहायला लागावं. आपल्याकडे गाणी अमाप आहेत, त्यांची विश्वासार्ह नोटेशन फार थोडी. ती कमतरता आज शिकणारी मुलं कान लावून, चुकत-माकत भरून काढत आहेत. त्यांना नोटीस पाठवण्याआधी त्यांच्या हातात बरोबर पान द्यावं, हे संगीतकाराच्या फायद्याचं आहे आणि संगीताच्याही.